कापलेली वायरिंग

"पळतं किती ते नका सांगू. चढावर थांबून परत उचलतं का, ते सांगा."

कुणी इंजिनाची तारीफ सुरू केली की मास्तर टोपी मागे सरकवून एवढंच विचारायचे.

पुण्याजवळ चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडे तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हे मूळचे लातूरकडचे. सगळी नोकरी एका कंपनीच्या टेस्टिंगमध्ये गेली, बंद खोलीत इंजिनं पळवण्यात. निवृत्तीनंतर माझ्या प्रेस शॉपमधली, पत्रा दाबून भाग बनवणारी मशिनं बघायला यायचे. मी त्यांना मास्तर म्हणायचो.

माझ्या डाव्या पायावर एकदा प्रेसची डाय, म्हणजे जड पोलादी साचा, पडली. तेव्हापासून क्लच दाबला की कळ मस्तकात जाते. तरी हिमालयात, स्पितीला स्वतः गाडी चालवत जायचं, हा माझा हट्ट. त्यासाठी चारही चाकांना जोर देणारी एक जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतली. तिचं इंजिन संपलेलं होतं. दुसरं बसवायचं तर मला मोठ्यात मोठं हवं होतं.

"मोठं घेऊन मिरवणूक काढायचीय का? डिझेल घ्या, टर्बोवालं. वर हवा विरळ असते, तिथं हवा दाबून भरणारा टर्बोच कामाला येतो. अन् गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, बिनक्लचचा."

"ऑटोमॅटिक हिंजवडीच्या ट्रॅफिकला ठीक आहे, मास्तर. दगडधोंड्यांत?"

"दगडातच! चाक दगडावर चढताना क्लच धरून बसणार का? क्लच जळंल, नाहीतर पाय."

माझ्या पायाबद्दल ते तेवढंच बोलले.

कुदळवाडीच्या एका भंगार गोदामात मागून ठोकलेली एक गाडी सापडली. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही शाबूत. मास्तरांनी गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगलं.

"जळका वास नाही. सगळं एकाच घरचं हाय. आजच उचला, शेठ."

आजच? मी हातगाडीवर नटबोल्ट विकून वर आलेला माणूस. पहिल्या भावाला हो म्हणणं माझ्या रक्तात नाही. भंगारवाल्याला दोन शिव्या हासडल्या आणि उठून चालू लागलो. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. माझा भाव मान्य! छाती फुगवून गेलो.

इंजिन होतं, गिअरबॉक्स होता. दोघांना जोडणारी वायरिंग कटरने छाटलेली होती. तारांतलं तांबं दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेलं होतं. टोकांना वीतभर शेंड्या तेवढ्या उरल्या होत्या.

"तुम्ही इंजिन-गिअरबॉक्सचा भाव केला, शेठ," भंगारवाला म्हणाला. "वायरिंगचं कुठं बोललात?"

मी मास्तरांवरच उखडलो. "तार कापतात, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आजच उचला म्हणलो की."

"का ते नाही सांगितलंत!"

"त्याच्या तोंडावर सांगू? तांब्याची आठवण करून देऊ त्याला?"

पण गोदामाबाहेर आल्यावर तरी सांगायचं होतं! तो राग माझा आजही गेलेला नाही.

तशी वायरिंग दुसरीकडे मिळेना, आणि तिच्याशिवाय इंजिनाला गिअरबॉक्सचं काही कळत नाही. मास्तरच रोज दुपारी चारला येऊन बसू लागले. डोळ्याला भिंग, हातात मीटर. एकेक तार ओळखायची, तुकडा जोडायचा, वर कागदी पट्टी चिकटवून बारीक अक्षरात नाव लिहायचं. घाई केली की माझ्यावरच डाफरायचे.

"एवढं कशासाठी करताय?" मी एकदा विचारलं.

"इतकी इंजिनं पळवली, एकबी खोलीबाहेर गेलेलं बघितलं न्हाई. एखादं डोंगर चढताना बघायचंय. तुमच्या शेजारी बसून."

चार-पाच तारा राहिल्या असताना मास्तर गेले. सकाळी घरी चहा पिताना, खुर्चीतच.

पुढे इलेक्ट्रिशियन बोलावला. मास्तरांच्या पट्ट्या वाचत त्याने काम पुरं केलं. पहिल्याच दिवशी गिअर लोण्यासारखे पडले. जूनमध्ये स्पितीला जाऊन आलो. सगळी वाट डावा पाय नुसता पडून होता.

एक तार मात्र अजून सुटी आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "हिच्यावाचून काही अडत नाही, कापून टाकू?" मी त्याच्या हातातला कटर काढून घेतला. कुठे जात असेल ती? बॉनेट उघडलं की अजूनही तिच्यावरची मास्तरांची पट्टी वाचतो: "ही कुठली? उद्या बघू."