बप्पा, जरा थांबा की!

आमच्या शेतकरी गटात किश्श्यांना तोटा नाही. एक सांगून होतो न होतो तोवर दुसरा तयार! आणि बहुतेक सगळे बप्पांचे. बप्पा म्हणजे आमच्या अहमदपूर भागातला सगळ्यात उतावळा माणूस. शेजारच्या रानात ट्रॅक्टर वाजला की यांची पेरणी सुरू. मग पाऊस दडी मारतो अन् बियाणं मातीत जातं. म्हणून गटानं ठरवलं, चांगली ओल झाल्याशिवाय कुणी पेरायचं न्हाई.

*

पाऊस मोजायचं यंत्र आणलं ते मुद्दाम बप्पांच्याच अंगणात बसवलं. म्हटलं, आकडा डोळ्यासमोर असला तर माणूस थांबेल.

एक सर येऊन गेली. शिवारात चिखल, पण यंत्र ठणठणीत कोरडं! आम्ही चक्रावलो.

"कोरडं राहणारच की!" बप्पा म्हणाले. "आभाळ आलं तशी मी ताडपत्री टाकली. नवी वस्तू हाय, भिजली म्हंजी?"

*

पुढं आम्ही बीबीएफवर सोयाबीन घेतलं. म्हणजे रुंद गादीवाफे अन् मध्ये सऱ्या, पाणी मुरायला. बप्पांचे जावई लातूरहून आले अन् बांधावरून म्हणाले, "मामा, बियाणं कमी पडलं वाटतं?"

बप्पा भडकले. "जावईबापू, ती जागा पाण्याची हाय. तुमची जागा ओसरीवर हाय, चला!"

*

शेततळ्याची तर लईच मजा. पहिल्यांदाच काठोकाठ भरलं. ऐन फुलोऱ्यात पावसानं ओढ दिली, सोयाबीननं माना टाकल्या, अन् बप्पा तळ्याकाठी खुर्ची टाकून बसलेले! मोटर बंद. शेवटी शेषाबाई काकू, म्हणजे त्यांची बायको, तिथं जाऊन ओरडल्या, "आवं, पाणी बघायला साठवलंय का पिकाला द्यायला?"

"देतो गं. पण भरलेलं तळं जन्मात पहिल्यांदा बघतोय. जरा बघू दे की!"

खरं सांगतो, मलाही मोटर चालू करवेना. काकूंनीच बटण दाबलं.

*

यंदा तर कहर झाला. काकूंनी घरचंच बियाणं धरलं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघितली. एका पोत्यातलं बी टरारून उगवलं. दुसऱ्या, जुन्या पोत्यातलं काहीच न्हाई.

"हे मोंढ्यात विकून टाकू," बप्पा म्हणाले.

"राहू द्या. कामाला येतंय."

चांगलं पोतं एकच. ते वाया गेलं तर यंदा रान पडीक. काकूंनी हात जोडले, "आवं, ह्या वर्षी तरी गटाचं ऐका."

बप्पा "हाव" म्हणाले. पण जरा भुरभुर झाली, पलीकडं ट्रॅक्टर वाजला, अन् आमचे बप्पा दारात हजर, "पोतं कुठाय?"

काकूंनी आतून पोतं काढून दिलं. दुपारपर्यंत बप्पा पेरून मोकळे!

मग जे ऊन पडलं! बप्पा रोज माती उकरून बघत. जेवण सुटलं, दाढी वाढली. "माझ्या हातानं रान पडीक पाडलं," म्हणत बांधावरच बसून राहायचा गडी. आमचं हसूच मेलं.

नंतर मोप पाऊस झाला. थांबलेला सगळा गट पेरणीला निघाला. बप्पा एकटेच ओसरीवर, खाली मान घालून.

काकू आतून एक पोतं ओढत आल्या, त्यांच्या पुढ्यात टेकवलं अन् पदर खोचत म्हणाल्या, "झाली का तुमची पेरणी? उठा मग. आता माझी करू!"