मी बोललो की भिजणारा दगड

एक खोटे मी पत्नीपासूनही बरीच वर्षे लपवले होते. ते बाजूला ठेवून हा अनुभव लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल... मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत असे आणि चमत्काराच्या गोष्टी वर्गात हसून खोडून काढत असे. पुढे जे लिहितो आहे ते मला स्वतःलाही पटत नाही.

आमचे वडील, अण्णा, विहिरींना सुरुंग लावत. फुटलेला खडक पाटीने वर काढायला माझी थोरली बहीण, आक्का, त्यांच्याबरोबर जाई. मला शाळेसाठी घरी ठेवले जाई. एकदा सुरुंगानंतर खडकात पोकळी उघडी पडली. आक्काने आत हात घातला आणि तिला हिरव्या-पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला, दोघांनी मिळून उचलावा असा दगड सापडला. विहिरीत जे मिळेल ते पहिला हात लावणाऱ्याचे, ही अण्णांची रीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, अखेरच्या आजारात ते मला म्हणाले, "त्यो दगड आक्काचा हाय. आजऱ्याला तिच्या घरी पोचीव."

मी पोचवला नाही. मला तो फार आवडला होता. अण्णांनी तो मलाच दिला, असे मी सर्वांना सांगितले — आक्कालाही.

कसबा बावड्यातल्या घरी मी तो बैठकीच्या खोलीत मांडला. अण्णांनी तो मला कसा दिला, ही हकीकत मी पाहुण्यांना सांगे आणि सांगून होताच दगडावर थेंब जमत... ऐन उन्हाळ्यातही. पत्नीने खाली परात ठेवली. शेजारचे मामा म्हणत, "मास्तर, तुमचा धोंडा घामाघूम झालाय की! फॅन लावा त्याला."

एकदा पत्नी म्हणाली, "अहो, मी सांगितलं तर कोरडाच राहतो. तुम्ही सांगितलं की भिजतो. अण्णांची आठवण येत असेल त्याला."

मी हसलो आणि परातीतले पाणी ओतायला उठलो.

भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवला. "असल्या स्फटिकात पाणी असतं खरं, पण ते सुटायला चांगलं तापवावं लागतं," ते म्हणाले. छत, भिंत, हवा — सारे तपासून झाले. कारण आजतागायत सापडलेले नाही.

अखेर तो त्यांच्या कॉलेजच्या संग्रहालयाला, माझ्या नावाची पाटी लावून, द्यायचे मी ठरवले. प्राध्यापक टेम्पो घेऊन दारात आले. दगड शेवटचा पाहायला आक्का काजूची पिशवी घेऊन आजऱ्याहून आली होती.

प्राध्यापकांनी सहज विचारले, "वडिलांनी तुम्हालाच दिला होता ना हा?"

"हो," मी म्हणालो.

थेंब कसले, धारच लागली! प्राध्यापकांचे बूट भिजले. मामा ओरडले, "आरं, परात कशाला, बारडी आणा!" सगळे हसू लागले. आक्का पदराने दगड पुसत म्हणाली, "का रं बाळू, आंघोळ घालून धाडतुयास व्हय ह्याला?"

तिलाही हसू आवरत नव्हते. मला मात्र तिच्याकडे पाहवेना. मी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "आक्का, अण्णांनी हा तुला दिला होता. मी खोटं बोललो. टेम्पो आता आजऱ्यालाच जाईल... मला माफ कर."