अळणी डबा

मनकर्णाचा नवरा बजरंग पूर्णेला रेल्वेत ट्रॅकमन होता. रोज सकाळी मोटारसायकलला डबा अडकवून ताडकळसहून निघायचा. चाळिशी गाठायच्या आतच त्याचं बीपी वाढलेलं निघालं. गोळी चुकवू नका आणि मीठ तोडा, नाहीतर हृदयावर येईल, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळीचं बजरंगवर होतं, मिठाचं मनकर्णानं अंगावर घेतलं. लोणच्याची बरणी तिनं माहेरी धाडली, पापड करणं बंद केलं. वरणाला लिंबू, भाजीला लसूण, आणि मीठ म्हणाल तर नावाला चिमूटभर. सगळ्या घराला तेच. सासू बायनाबाई पहिल्या घासालाच तोंड वाकडं करायची, ढोराच्या पेंडीत बी मीठ असतंय म्हणायची. बजरंग मात्र कधी काही बोलला नाही. संध्याकाळी त्याचा डबा पुसल्यासारखा रिकामा यायचा. तो घासताना मनकर्णाला वाटायचं, जमलं आपल्याला.

मागच्या हिवाळ्यात परभणीहून एक पथक गावात आलं. लोकांचं खाणं आणि हृदयाचं दुखणं यांचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यांच्यातली सृष्टी नावाची पोरगी घरोघर फिरायची. काय काय खाता ते आधी विचारून घ्यायची, मग रक्त काढायची, आणि झाकणाचा एक मोठा कॅन हातात देऊन दिवसरात्रीची सगळी लघवी त्यात धरायला सांगायची. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सृष्टी रागावली नाही. खाल्लेलं माणूस विसरतो, कधी लाजून कमी सांगतो, असं तिनं समजावलं. पण पोटात गेलेलं मीठ बहुतेक सगळं लघवीतून बाहेर पडतं, भाजीपाला किती गेला ते रक्तात दिसतं; ते काही लपत नाही. मनकर्णाच्या घरातून तिघांनीही दिलं. बजरंगनं तर तो कॅन पिशवीत घालून ड्यूटीवरही नेला. काय खाता विचारल्यावर म्हणाला होता, घरचंच खातो, अळणी.

उन्हाळा लागता लागता तो गेला. रुळावर काम करताना छातीला हात लावून खाली बसला. सोबतच्यांनी उचलून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला बायका जमल्या तेव्हा बायनाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या लेकाला बिनमिठाचं खाऊ घालून घालून खंगवलं हिनं. उन्हात राबणाऱ्याच्या अंगात जोर कुठून ऱ्हाईल?"

कुणी तिला अडवलं नाही. दोघीतिघींनी माना हलवल्या. मनकर्णा खाली मान घालून बसली. पुढं चुलीपुढं बसली की तेच मनात यायचं. खरंच आपणच तर नाही ना त्याला संपवलं?

तपासणीचं सांगायला सृष्टी आली ती पावसाळ्यात. भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघून ती दारातच थबकली. परत जायला निघाली, तर मनकर्णानं तिला बसवून घेतलं आणि त्याचं काय निघालं ते विचारलं. सृष्टीनं पथकाच्या मोठ्या मॅडमना फोन केला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलली, मग सांगितलं. सासू-सुनेचं मीठ कमी होतं. बजरंगचं त्यांच्या तिप्पट.

"कॅन बदलला असंल," मनकर्णा म्हणाली.

"दोनदा तपासलं, ताई. तुम्ही खात होतात तेवढंच त्यांनी खाल्लेलं नाही. पण एका दिवसाच्या तपासणीवरून ते मिठानंच गेले, असं मी म्हणू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी मनकर्णा बस धरून पूर्णेला गेली. बजरंगच्या टोळीतले किशनराव निवृत्तीला आले होते, बायको वारल्यापासून एकटेच राहायचे. त्यांना तिनं सरळ विचारलं. म्हातारा आधी इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "डबा मी खायचो, माय. त्याच्या गळ्याखाली उतरतच नव्हता. तो हाटेलात भजे, मिरच्या, खारे दाणे खायचा. म्हणायचा, तिला कळू देऊ नका, लय जीव लावून करती ती."

परतीची बस समोर लागली आणि निघून गेली, तरी मनकर्णा स्टँडच्या बाकड्यावरून उठली नाही. तिला त्याचा राग आला, इतका की त्या रागाचीच भीती वाटली. एकदा तोंड उघडलं असतं तर काहीतरी मधला मार्ग काढला असता तिनं. तिचं मन राखायला तो रोज तिच्याशी खोटं वागला, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर तिनं बायनाबाईला सगळं सांगितलं. म्हातारी सुपात तूर पाखडत होती. सूप थांबलं.

"सांगायचं नव्हतंस," ती म्हणाली. "तुझ्यावर रागावता येत होतं गं. आता मेलेल्या लेकावर कशी रागावू?"

"आत्याबाई, मी काय करायला पायजे होतं?"

बायनाबाईनं सूप बाजूला सारलं. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

त्यानंतर तिनं सुनेला बोल लावला नाही. तसं ती सुनेशी फारसं बोललीच नाही. गल्लीत मात्र पहिलीच गोष्ट चालू राहिली, की बजरंगला बायकोच्या अळणी खाण्यानं खाल्लं. हातपंपावर कुणी तसं म्हटलं की बायनाबाई ऐकून घ्यायची आणि गप्प राहायची. शेजारी उभी मनकर्णाही काही बोलायची नाही. हॉटेलातल्या भज्यांचं सांगून त्याचं नाव लोकांच्या तोंडी द्यायला तिचं मन होत नव्हतं. दोघी घागरी भरून घ्यायच्या आणि पुढंमागं चालत घरी यायच्या.