नॉरफकची कॅरॅव्हॅन आणि एक खरं उत्तर

परवा शनिवारी नॉरफकला जाऊन आमची कॅरॅव्हॅन विकून आलो. लंडनला एजवेअरच्या घरी पोचेपर्यंत गाडीत सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, रेडिओसुद्धा लावू दिला नाही.

कॅरॅव्हॅन म्हणजे काही ऐषआराम नव्हता हो. समुद्राजवळ, अशाच कॅरॅव्हॅनच्या एका साइटवर कायमची उभी असलेली, दोन खोल्यांची जुनी पत्र्याची डबी. पण सुलभाला हृदयाचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला, आणि सांगलीला माहेरी जाणं संपलं. तेव्हापासून ती या डबीलाच माहेर म्हणायची... आणि खरंच, तिथे गेलं की दुसऱ्या दिवशी तिचा चेहराच बदलायचा.

तर दोन महिन्यांपूर्वी इन्शुरन्सचं रिन्यूअल आलं. इतक्या वर्षांत एक क्लेम नाही, साधी काच फुटली नाही, आणि प्रीमियम जवळजवळ दुप्पट! माझं डोकंच फिरलं. वर ईमेलमध्ये लिहिलेलं, तुमच्या लॉयल्टीबद्दल आभार... आभार कसले मानता, गळा कापताय की!

फोन करून भांडलं की कमी करतात, असं साइटवरचे शेजारी सगळेच म्हणायचे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करत मोठा झालेला माणूस मी, म्हटलं बघूच. फोन स्पीकरवर टाकला, कारण ते होल्डवरचं संगीत कानाला लावून अर्धा तास कोण बसणार? सुलभा तिथेच ओट्याशी पोह्यांची तयारी करत होती.

शेवटी एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड, वागणं चांगलं... म्हणाली, सगळी माहिती पुन्हा एकदा तपासू, कदाचित काही कमी करता येईल. मी खूश. मग तिनं विचारलं, तुमच्याशिवाय आणखी कुणी कॅरॅव्हॅन वापरतं का?

मी विचार करतोय तोवर सुलभाचं उत्तर गेलंसुद्धा. येस येस, ऑल अवर पीपल! खोटं नव्हतं ते. मुलांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आपल्या मराठी मंडळातलं कुणी ना कुणी किल्ली न्यायचंच. वेम्बलीचे देशपांडे तर दर उन्हाळ्यात जायचे.

मुलीनं हळूच पुढचं विचारलं... ते बदल्यात काही देतात का? आता आपल्याकडे कुणाचं भांडंसुद्धा कुणी रिकामं परत देतं का? सुलभा अभिमानानं सांगायला लागली. कुणी तांदूळ ठेवतं, कुणी चहा-साखर, कुणी गॅससाठी म्हणून पैशांचं पाकीट. नोबडी गिव्ह्ज बॅक एम्प्टी, म्हणाली.

पलीकडे नुसता कीबोर्डचा आवाज.

मुलीच्या मते हे भाड्यानं देणं झालं, आणि आमची पॉलिसी भाड्याच्या कॅरॅव्हॅनसाठी नव्हती. मी किती समजावलं... अहो, हे भाडं नाही, ही आमची रीत आहे! तिला वाईट वाटलं बहुतेक, पण रिन्यूअल नाकारलंच. आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीकडे जा, फॉर्मवर प्रश्न ठरलेला. पूर्वी कुणी तुम्हाला इन्शुरन्स नाकारलाय का?

त्याला हो म्हटलं की झालं. काहींनी दारच लावलं, आणि ज्यांनी प्रीमियमचा आकडा दिला तो बघून हसावं की रडावं कळेना. मित्र म्हणाले, नाही म्हणून टाक रे, कोण बघतंय? सुलभाच आडवी आली. म्हणाली, "खोटं लिहून तिथे मला झोप लागायची नाही." आणि साइटचा नियम असा, की इन्शुरन्स नसेल तर कॅरॅव्हॅन ठेवता येणार नाही.

मधल्या काळात मी तिच्यावर फार चिडचिड केली. तुला कुणी मध्ये बोलायला सांगितलं होतं, म्हणायचो. ती एवढंच म्हणायची, "अहो, पण त्या मुलीनं विचारलंच होतं ना?"

शनिवारी घेणारं जोडपं आलं. आमच्याच वयाची, साधी इंग्लिश माणसं. आम्ही कुकर, गोधड्या, देवाची तसबीर गाडीत भरली. किल्ली देणार एवढ्यात सुलभा पुन्हा आत गेली... बराच वेळ येईना. मला वाटलं, रडत असेल.

आत जाऊन बघतो तर कपाटात चहा, साखर, तांदळाची पिशवी ओळीनं लावलेली. टेबलावर स्टीलचा डबा, बेसनाच्या लाडवांचा. आदल्या दिवशी लाडू वळत होती ते यासाठी होय! मी म्हटलं, अगं, आपण विकली ती. भाड्यानं नाही दिली की उसनी नाही दिली.

"म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "रिकामी कशी द्यायची?"

ज्या सवयीपायी कॅरॅव्हॅन गेली, तीच सवय ही बाई टेबलावर मांडून निघाली होती. दोन महिन्यांचा राग कुठे गेला माझा, कळलं नाही... नुसता हात धरून तिला गाडीपर्यंत आणलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे देशपांड्यांचा फोन येऊन गेला. आम्ही पाकिटं ठेवली म्हणून असं झालं का, विचारत होते. तुमच्यापैकी बाकीच्यांनाही तसंच वाटत असेल, तर मनातून काढून टाका. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही ठेवलेल्या साखरेचा चहा आम्ही कितीदा समुद्राकडे बघत प्यायलोय, आणि सुलभा प्रत्येक वेळी नाव घेऊन सांगायची, ही अमक्यांची साखर.

फक्त एक करा. तिला आता जायला कुठलंच माहेर उरलं नाही... तेव्हा तुम्हीच अधूनमधून येत जा.