डोळे मिटून ऐकलेला रस्ता

चिंचणीहून एस.टी.त सुक्या बोंबलांची पाटी घेऊन एक मावशी चढायची. डोळे मिटून तिला ऐकलं, की गाडी कुठे पोचली ते मला कळायचं. किनाऱ्यावर खणखणीत भांडण, बोईसरला कामगारांशी हिंदी, डोंगर लागला की मऊशार वारली बोली. वाटेत दर्गा आला की हात जोडायची, वाघोबाचं ठाणं आलं तरी जोडायची.

मी पडलो नकल्या. तिला हसवायचंच, म्हणून एकदा तिचे तिन्ही आवाज तिच्यासमोर काढले. अख्खी गाडी हसली. ती नाय.

"बराबर केलंस रे पोरा," ती म्हणाली. "पन माजी मानसं हायत तिकडं, म्हनून मी तसं बोलते. तुजं कोन हाय?"

डोंगरातला तिचा फाटा आला. माझं तिकीट पुढचं होतं, तरी मी पाटीला हात लावला आणि तिच्यामागोमाग उतरलो.