रश्मी मॅडमनं विचारलं होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आत्ता लिहितानाही वाटतं — राहू द्यावं का?

कबड्डी खेळताना माझ्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. नांदेडला ऑपरेशन झालं. घरी आले तेव्हा उजवी मांडी अगदी वाळून गेली होती, आणि पोलीस भरतीचं मैदान काही महिन्यांवर. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

उमरखेडच्या एका दवाखान्यात रश्मी मॅडम व्यायाम करून घ्यायच्या. माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठ्या. भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे एक पट्टा होता. तो मांडीला वर बांधायचा, हवा भरायची, रक्ताचा ओघ थोडा अडवायचा. मग किलोभर वजन उचलतानाही मांडी अशी पेटते की डोळ्यांत पाणी यावं. गुडघ्यावर भार न टाकता ताकद येते, म्हणाल्या.

पण पट्टा बांधण्याआधी — इथंच मी अडखळते — त्यांनी माझ्यासोबत आलेल्या दादाला बाहेर बसवलं. दार लावलं.

"पाळीच्या काही गोळ्या चालू आहेत का? खरं सांग. असतील तर हा पट्टा नको, रक्ताची गाठ होऊ शकते."

चालू होत्या. पाळी वेळेवर यावी म्हणून घेत होते. ऑपरेशनसाठी बंद केल्या होत्या, नंतर माझ्या मनानंच पुन्हा सुरू केल्या. पाकीट तेव्हा पर्समध्येच होतं.

"नाही," मी म्हणाले. त्यांनी कागदावर तसं लिहिलं.

लाज वाटली म्हणून? नाही. पट्टा मिळणार नाही, म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात पोटरी सुजून टणक झाली. मॅडमनी हात लावून पाहिलं आणि लगेच नांदेडला पाठवलं. गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र मी गोळ्यांचं सांगितलं — दादासमोर. गोळ्या आणि पट्टा, दोन्ही मिळून झालं असेल, ते म्हणाले.

परतल्यावर दादा मला घेऊन थेट दवाखान्यात गेला. पेशंट बसलेले.

"गोळ्या चालू असताना पट्टा बांधलाच काहून? इचारता नाही येत तुमाले?"

"विचारलं होतं." मॅडमनी कागद काढला.

"हे मागून लिहिलं असन!"

मग त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही — भरवशानं. "तू सांग गं. मी विचारलं होतं ना?"

काय सांगू तुम्हाला? सगळे माझ्याकडे बघत होते. दादा ऐन कापूस वेचणी सोडून माझ्यासाठी धावत होता.

"नाही विचारलं," मी म्हणाले. आवाजही कापला नाही.

आठवडाभरात मॅडमला काढून टाकलं. खोली रिकामी करून त्या गेल्या — कुठे, ते मी कधी विचारलं नाही. नंबर होता माझ्याकडे. कितीदा काढून पाहिला. नवा फोन घेतला तेव्हा तो मुद्दाम उतरवून घेतला नाही.

गाठ विरघळली. भरती हुकली. पाय बरा आहे. पोरीच्या मागे धावते.

दादा ती गोष्ट अजून सांगतो. मागच्या पोळ्याला पाव्हण्यांसमोर सांगत होता — "असं झापलं त्या मॅडमले, गावच सोडून पळाली!" सगळे हसले. वहिनीच्या आईनं माझ्याकडे पाहून विचारलं, "खरंच का वं, काहीच नवतं इचारलं तिनं?"

"नाही," मी म्हणाले.