उडालेल्या रंगाची किंमत

उंब्रजचे दस्तगीरभाई गेल्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी वारले. वय एकाहत्तर. त्यांचा मुलगा सलीम याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत कार्यालयात होतो. "चाचा, अब्बा गेलं," एवढंच तो बोलला...

दस्तगीरभाईंनी तीस वर्षं एकच पिनबॉल मशीन जत्रांतून फिरवलं. काचेखाली उतरती रंगीत फळी, तळाशी दोन दांड्या. बटण दाबलं की दांडी पोलादी गोळीला परत वर हाणते आणि घंटा वाजते. कुंडलच्या जत्रेत मी त्यांच्यावर बातमी करायला गेलो आणि ओळख झाली, ती टिकली. जत्रेआधी बैलाच्या शिंगांपासून ट्रॉलीपर्यंत सगळं रंगवून घ्यायची आपल्याकडची रीत. दस्तगीरभाई मात्र फळीला ब्रश लावू देत नसत. दांड्यांच्या वरच्या बाजूला रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं. तिथे ते जुन्या बनियनने मेण चोळत. खरखरीत झालेली गोळी लगेच बदलत. तीच रंग खाते, म्हणत.

"भाई, रंग मारून घ्या की जरा," मी एकदा म्हणालो.

"मग माझ्या टकलावर बी मारा! आवं, हितं रंग गेलाय म्हंजी हितं मानसं खेळल्यात. जाणता आसंल तर हे बघूनच घील."

मशीन कधी विकलंच तर चालू स्थितीत, खेळणाऱ्याकडे जावं. खोलून विकू नये, एवढंच त्यांनी सलीमला सांगून ठेवलं होतं.

जियारतीला, म्हणजे दफनानंतर तिसऱ्या दिवशी, आत फातिहा चालू असताना, पुण्याहून जुन्या मशीनचा एक व्यापारी आला. घरच्यांशी दुःखाचा एक शब्द बोलला नाही. काच उचलली, बोटाला थुंकी लावली आणि उडालेल्या रंगाची कड घासून पाहिली. मेलेल्या माणसाचे दात तपासावेत तसं ते होतं. मला किळस आली. "बोर्ड झिजलाय. रंग असता तर दुप्पट दिले असते," म्हणाला आणि चहा पिऊन कप काचेवरच ठेवून गेला.

सलीमने ते मनावर घेतलं. ट्रॉली रंगवणारा पेंटर बोलावला. फळी पॉलिश पेपरने घासली, वर हिरवा ऑइल पेंट, मध्ये लाल कमळ. मला फोन करून म्हणाला, "चाचा, लय झ्याक झालंय. अब्बा बगाय पायजे हुतं."

पुढच्या आठवड्यात व्यापारी पुन्हा आला तेव्हा मी तिथे होतो. फळी पाहून तो हसला. "मूळ रंगच घालवलात? त्यापेक्षा झिजलेला परवडला असता. आता सुट्या भागांचेच देईन."

"आवं, तुमीच म्हनला न्हवं, रंग न्हाई म्हनून?"

"मूळ रंगाचं बोललो मी. कमळाचं नाही."

आईच्या औषधांसाठी सलीमला विकणं भाग होतं. त्याने मान हलवली. व्यापाऱ्याच्या माणसांनी अंगणातच स्क्रू काढायला सुरुवात केली...

मशीनच्या डोक्यावरची चित्राची काच, घंटा, दोन्ही दांड्या आणि चार पाय गुरुवारी टेम्पोतून पुण्याला गेले. फळी त्यांनी घेतली नाही. ती उंब्रजला, शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे.